बाळंतिणीचा खुराक आणि तिरामिसू

भाची पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला, माहेरी आली होती. फेब्रुवारीत बाळ झालं. सव्वा महिना होईपर्यंत तिनं आजीचं सगळं निमूट ऐकलं. सकाळी डिंकाचा लाडू, मग अळिवाची खीर, दुपारी शेपूची भाजी आणि भाकरी, वर चमचाभर बाळंतशोपा. सव्वा महिना झाला त्या दिवशी मात्र तिनं लाडवाची वाटी परत सरकवली. "मावशी, आता पुन्हा लाडू दिलात तर बाळ उचलून मी पुण्याला निघून जाईन. मला तिरामिसू खायचंय."

आईनं विचारलं, "काय असतं ते?"

मी सांगितलं. अंड्याचा पिवळा बलक आणि साखर फेसायची, त्यात घट्ट साईसारखं चीज घालायचं, कडक कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांवर त्याचे थर द्यायचे, वरून कोको भुरभुरायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं.

"कच्चं अंडं? आणि वर फ्रिजमधलं गार? ओल्या बाळंतिणीला?" आई म्हणाली. विषय संपला.

म्हणजे तिच्यापुरता संपला. मी रात्री या पदार्थाबद्दल वाचत बसले आणि थोड्या वेळानं एकटीच हसायला लागले. तिरामिसूच्या जन्माची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट एका बाळंतिणीपासूनच सुरू होते. तीही तिच्या सासूनं केलेल्या खुराकापासून.

*

इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसपासून जेमतेम तीस किलोमीटरवर त्रेव्हीझो नावाचं गाव आहे. तिथं काम्पेओल कुटुंबाचं 'ले बेक्केरिए' नावाचं रेस्टॉरंट होतं, १९३९मध्ये सुरू झालेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आदो काम्पेओल आणि त्यांची बायको आल्बा ते चालवू लागले. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : पन्नाशीच्या दशकात आल्बा बाळंत झाल्या. अंगात त्राण नव्हतं. सासूबाईंनी त्यांना ताकद यावी म्हणून बलक, साखर आणि मस्कार्पोने चीज एकत्र करून, कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांबरोबर खायला घातलं. कामावर परतल्यावर आल्बांच्या जिभेवर ती चव राहिली होती. पुढे रेस्टॉरंटचे मिठाई करणारे आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांच्याबरोबर त्यांनी त्यातून एक गोड पदार्थ बसवला आणि १९७२च्या सुमाराला तो यादीत आला. लिंग्वानोत्तो स्वतः थोडी वेगळी गोष्ट सांगत. व्हॅनिला आइस्क्रीमसाठी अंडी-साखर फेसताना चुकून मस्कार्पोनेचा गोळा त्या भांड्यात पडला, चव घेतली तर आवडली, आणि मग आल्बांना दाखवलं.

नाव तिथल्या बोलीतलं. 'तिरेमे सू', म्हणजे 'मला वर ओढ'. प्रमाण इटालियनमध्ये त्याचं तिरामिसू झालं. आपण आजारातून उठलेल्या माणसाला 'जरा उभारी येऊ दे' म्हणतो, तोच अर्थ. पदार्थाचं नाव चवीवरून नाही, आकारावरून नाही, कुणा राणीवरून नाही. खाणाऱ्याचं काय व्हावं, त्यावरून आहे.

नावाचा हा अर्थ चावट अंगानंही लावला जातो. त्रेव्हीझोतल्या वेश्यागृहांत येणाऱ्या गिऱ्हाइकांना शेवटी हा पदार्थ देत, अशी एक आख्यायिका तिथं चवीनं सांगतात. इटलीत अशी परवानाधारक घरं १९५८च्या कायद्यानं बंद झाली. त्यामुळे ती गोष्ट खरी धरली तर पदार्थ त्याआधीचा ठरतो. दुसरी आख्यायिका आणखी मागे जाते. सतराव्या शतकात मेदिची घराण्यातल्या कोसिमो तिसऱ्याच्या स्वागतासाठी सिएना गावात तो केला गेला, म्हणे. पण मस्कार्पोने हे त्या काळी लोम्बार्दीच्या बाहेर फारसं न जाणारं, दोन दिवसांत खराब होणारं चीज. सिएना तिथून शेकडो किलोमीटर दूर. गोष्ट सुंदर असली तरी टिकत नाही.

कागदावर काय आहे, हे बघायला गेलं तर चित्र बरंच साधं होतं. जोसेप्पे माफ्फिओली या खाद्यलेखकानं १९८१मध्ये 'व्हिन व्हेनेतो' नावाच्या त्रैमासिकात या पदार्थाबद्दल लिहिलं आणि तो ले बेक्केरिएमध्ये, लिंग्वानोत्तोंच्या हातून जन्मल्याचं नोंदवलं. इटालियन शब्दकोश या शब्दाची छापील नोंद १९८०च्या मागे नेत नाहीत. म्हणजे आज जगभर 'पारंपरिक इटालियन' म्हणून खाल्लं जाणारं हे पक्वान्न छापील कागदाच्या हिशेबानं आमच्या घरातल्या फ्रिजपेक्षाही लहान आहे.

*

आणि तरीही त्यावरून दोन प्रांतांमध्ये भांडण आहे. त्रेव्हीझो व्हेनेतो प्रांतात येतं. शेजारचा प्रांत फ्रिउली. क्लारा आणि जीजी पादोव्हानी या लेखक जोडप्यानं २०१६मध्ये तिरामिसूवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दोन जुने धागे फ्रिउलीत नेऊन सोडले.

पहिला धागा पिएरिस नावाच्या गावातला. तिथं मारिओ कोसोलो यांच्या खाणावळीत चाळीस-पन्नाशीच्या दशकांत 'तिरिमे सू' नावाचं कपातलं थंडगार गोड मिळत असे. नाव तेच, पण आतला पदार्थ आजच्या मस्कार्पोने आणि कॉफीच्या थरांपेक्षा वेगळा. दुसरा धागा डोंगरातल्या तोल्मेत्सो गावातला. तिथल्या 'आल्बेर्गो रोमा' हॉटेलात नोर्मा पिएल्ली यांनी एक जुनी कृती हाताशी धरली. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात 'दोल्चे तोरिनो' नावाचा पदार्थ आहे. त्यात मद्यात भिजवलेली सावोयार्दी बिस्किटं आणि लोणी, साखर, बलक, चॉकलेट यांचे थर असतात. नोर्माबाईंनी लोण्याच्या जागी मस्कार्पोने घातलं आणि मद्याच्या जागी कॉफी. त्याचा पुरावा म्हणून १९५९ सालचं हॉटेलचं बिल दाखवलं जातं.

म्हणजे एका गावात नाव आधी, दुसऱ्या गावात पदार्थ आधी, आणि तिसऱ्या गावात नाव आणि पदार्थ दोन्ही एकत्र येऊन प्रसिद्ध झाले. माझ्या मते यात खोटं कुणीच बोलत नाही. बलक-साखर घरोघरी होती, सावोयार्दी होती, कॉफी होती. मस्कार्पोने हाताशी आल्यावर ती चार टोकं एकाच पिढीत दोन-तीन स्वयंपाकघरांत जुळली असतील, तर नवल नाही. सीमाभागात राहणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना हे कळायला जड जाऊ नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विजापुरात होते, कलबुर्गीत होते, अक्कलकोटातही होते. पहिली कुणी केली, असं विचारलं तर प्रत्येक गावातली म्हातारी स्वतःच्या आजीचं नाव सांगेल.

सरकार मध्ये आलं की मात्र एकच नाव लागतं. २०१७च्या उन्हाळ्यात इटलीच्या कृषी मंत्रालयानं पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसूची नोंद फ्रिउलीच्या नावावर केली. व्हेनेतोचे अध्यक्ष लुका झाइया यांनी जाहीर संताप व्यक्त केला. गंमत अशी, की त्या यादीत येण्यासाठी पदार्थ किमान पंचवीस वर्षं चालत आलेला असावा, एवढीच अट आहे. परंपरा व्हायला एक पिढी पुरते. त्रेव्हीझोनं त्याआधीच आपली तजवीज केली होती. २०१०मध्ये इटालियन पाककला अकादमीच्या स्थानिक शाखेनं ले बेक्केरिएची कृती नोटरीकडे रीतसर दाखल केली होती : १२ बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मस्कार्पोने, ६० सावोयार्दी, लागेल तशी कॉफी, लागेल तसा कोको. मद्य नाही, कारण तो लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनीही खायचा होता.

*

तो आधी का जन्मला नाही, हा प्रश्न मला कोण पहिला यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्तर बरंचसं यंत्रात आहे. हा पदार्थ चुलीवर होत नाही. तो थंड होऊन घट्ट बसतो. कच्चा बलक आणि साय रात्रभर सांभाळायची तर घरात फ्रिज हवा, आणि इटलीतल्या सामान्य घरांत तो आला पन्नास-साठच्या दशकांत, युद्धानंतरच्या भरभराटीत. मस्कार्पोने लोम्बार्दीबाहेर सहज मिळू लागलं तेही याच काळात. अल्बेर्तो ग्रांदी हे इटालियन इतिहासकार तर म्हणतात, की तिरामिसू हे सुपरमार्केटचं अपत्य आहे. त्यांच्या या म्हणण्यावर इटलीत बरीच आदळआपट झाली. पण मुद्दा दुर्लक्षित करता येत नाही.

मात्र यंत्राच्या आधी भूक होती. व्हेनेतो आज श्रीमंत आहे. बेनेतोन ही कापडाची कंपनी १९६५मध्ये त्रेव्हीझोच्या वेशीवरच उभी राहिली. पण त्याआधी शंभर-दीडशे वर्षं हा प्रांत दारिद्र्यासाठी आणि परदेशी निघून जाणाऱ्या माणसांसाठी ओळखला जाई. तिथला शेतकरी तिन्ही त्रिकाळ मक्याची पोलेंता खाई, आणि त्यातून त्याला पेलाग्रा नावाचा रोग होई. उन्हानं कातडी काळवंडून खरखरीत होणं, हगवण, शेवटी भ्रमिष्टपणा. रोगाला हे नाव अठराव्या शतकात इटलीतच मिळालं. 'पेल्ले आग्रा' म्हणजे खरबरीत कातडी. मक्यातलं नायसिन शरीराला मिळेल अशा रूपात नसतं. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळं करत. युरोपनं मका घेतला, चुना घेतला नाही.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. १९६०मध्ये हैदराबादच्या संशोधन संस्थेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांनाही पेलाग्रा होतो. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले. पण ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडं काहीच येत नाही तो आजारी पडतो, यावर वाद नव्हता. ज्वारी वाईट नाही. नुसती ज्वारी वाईट. व्हेनेतोतही मका वाईट नव्हता.

हे समोर ठेवून बलक-साखरेच्या वाटीकडे बघावं. व्हेनेतोत तिला 'स्बातुदिन' म्हणतात, फेटलेलं. आजारातून उठलेल्याला, अशक्त मुलाला, म्हाताऱ्याला आणि बाळंतिणीला द्यायचं. ज्या घरात रोज पोलेंता शिजायची तिथं दोन अंडी आणि मूठभर साखर एका माणसाच्या वाटीत जाणं ही केवढी मोठी गोष्ट असेल! आमच्याकडे डिंकाच्या लाडवाचंही तेच. सुकं खोबरं, खारीक, गोडंबी, तूप, गूळ. घरातली एरवी सगळ्यात शेवटी जेवणारी बाई त्या सव्वा महिन्यात सगळ्यात आधी खाते. तेवढ्यापुरताच तिचा मान.

*

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासूनं केलं होतं होय? मग कर. पण अंडं शिजवून कर. आणि खूप गार नको."

शिजवून करता येतं. उलट करावंच. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूची बाधा होऊ शकते, आणि सोलापुरात मार्चअखेर पारा चाळिशीला टेकलेला असतो.

पहिल्या दिवशी मी चक्क्यावर केलं. मस्कार्पोने इथं कुठं शोधत बसायचं, श्रीखंडाचा चक्का आहे की, असा विचार. फसलं. चक्का म्हणजे विरजणाच्या जिवाणूंनी आंबवलेलं दूध. त्याचा आंबटपणा कॉफीच्या कडवटपणाशी जुळेना. आईनं चाखून सांगितलं, "कॉफीचं श्रीखंड म्हणून चांगलंय." भाचीनं दोन वाट्या खाल्ल्या, पण हे तिरामिसू नव्हे असंही म्हणाली.

मस्कार्पोने आंबवलेलं नसतं. ते घरी करणं अवघड नाही. पाऊण लिटर साय-मलई, म्हणजे डब्यात मिळणारं क्रीम, पातेल्यात मंद आचेवर साधारण ८५ अंशांपर्यंत तापवलं. उकळी येऊ द्यायची नाही. त्यात मोठा दीड चमचा लिंबाचा रस घालून पाचेक मिनिटं ढवळत राहिले. चमच्याच्या पाठीला जाडसर थर धरला की उतरवायचं. गार झाल्यावर चक्का बांधतो तसं मलमलीत बांधून, फ्रिजमध्येच, रात्रभर टांगायचं. पाणी फार निघत नाही. सकाळी फडक्यात मऊ, गोडसर, पांढरं लोण्यासारखं काही तरी होतं.

सावोयार्दीऐवजी बेकरीतला साधा स्पंज केक आणला, बोटाएवढे तुकडे केले आणि मंद ओव्हनमध्ये तासभर वाळवले. कॉफीसाठी शेजारच्या कन्नड काकूंचा पितळी फिल्टर मागून आणला. त्रेव्हीझोतल्या घरात १९३३पासून मिळणारं बियालेत्तीचं मोका यंत्र असेल. 'मोका' हे नाव येमेनच्या मोखा बंदरावरून आलं, आणि आपल्याकडे बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणलेल्या बियांची आख्यायिकाही येमेनपाशीच जाऊन पोचते. फिल्टरच्या कॉफीत चिकोरी असते. इथं ती नसलेली घ्यावी, नाही तर डिकॉक्शन जास्त कडवट आणि चिकटसर होतं.

चार बलक आणि १२० ग्रॅम साखर. नोटरीच्या प्रमाणात १६० पेक्षा जास्त येते, पण आम्हाला तेवढी लागत नाही. भांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून हातानं फेटत राहिले. दहा मिनिटांत मिश्रण फिकट, दाट होतं आणि बोट पोळेल इतकं, सत्तर अंशांच्या वर, तापतं. फेटणं थांबवलं तर अंड्याची भुर्जी होते. ते पूर्ण गार झाल्यावर साडेतीनशे ग्रॅम मस्कार्पोने हलक्या हातानं मिसळलं. वाळवलेला तुकडा गार कॉफीत बुडवून लगेच काढायचा. मनात 'एक' म्हणेपर्यंत. जास्त ठेवला तर तळाला लगदा होतो. एक थर केकचा, एक मिश्रणाचा, पुन्हा तसंच. रात्रभर फ्रिज. खाताना वर कोको, आधी नाही, नाही तर तो ओला होतो.

सकाळी आईनं वाटी बाहेर काढून अर्धा तास ओट्यावर ठेवायला लावली. मग भाचीला दिली. कॉफी बाळाला बाधेल म्हणून वाटी लहान. भाचीनं खाल्लं, डोळे मिटले, आणि काहीच बोलली नाही. आईनंही एक चमचा घेतला. "अंड्याचा वास येत नाही," म्हणाली. एवढं सर्टिफिकेट पुरे होतं.

*

आदो काम्पेओल २०२१मध्ये गेले, वयाच्या ९३व्या वर्षी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'तिरामिसूचे जनक' म्हणून बातमी दिली. लिंग्वानोत्तो २०२४मध्ये गेले, त्यांनाही तेच बिरुद लाभलं. आल्बांचं नाव दोन्ही बातम्यांत होतं, पण मथळ्यात नव्हतं. आणि ती सासू? काम्पेओल कुटुंबाची गोष्ट खरी मानली, तर पहिली वाटी तिनं कालवली. मी जे जे वाचलं त्यात तिचा उल्लेख 'सासूबाई' असाच आला, नावानिशी एकदाही नाही. तिच्या आधी ज्यांनी स्बातुदिन फेटलं त्या बायांचा तर हिशेबच नाही. नोटरीचा कागद तिच्यानंतर निदान पन्नास वर्षांनी झाला.

आम्हाला नोंदींचं महत्त्व माहीत आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, इथल्या डाळिंबाला आहे. ते असायलाच हवं. दुसऱ्या गावात विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा इथल्या विणकराचं पोट मारलं जातं. पण मानांकन गावाला मिळतं. माग चालवणाऱ्याचं नाव त्यात नसतं, बाळंतिणीचा लाडू वळणारीचं तर कशातच नसतं.

त्या दुपारी मी वजनकाटा काढला आणि आईला म्हटलं, लाडू करू. ती म्हणाली, आता कशाला, ती खात नाही म्हणते. मी म्हटलं, मला लिहून घ्यायचंय. आयुष्यभर ती मुठीनं आणि ओंजळीनं मापत आली. तिची प्रत्येक मूठ मी काट्यावर ओतून घेतली. खारकेची पूड अर्धा किलो, किसून भाजलेलं सुकं खोबरं अर्धा किलो, तुपात फुलवलेला डिंक पाव किलो, गोडंबी १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, मेथी तुपात भिजवलेली फक्त दोन चमचे, एक जायफळ, आणि चिरलेला गूळ अर्धा किलोच्या जरा वर. "गूळ पाकासारखा उकळायचा नाही, नुसता वितळवायचा. नाही तर लाडू दगड होतो," हे तिचं वाक्य तसंच लिहिलं.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"माझ्या सासूनं. तुझ्या आजीनं. मोठ्या वेळेला मी बाळंत झाले तेव्हा."

वहीच्या एका पानावर तिरामिसू आहे, समोरच्या पानावर डिंकाचे लाडू. लाडवाच्या पानाखाली तारीख घातली आणि आजीचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. ते आडनाव आईला आठवायला बराच वेळ लागला.